परमुलखांतील मोबाइल आणि त्याचें बिल

मे महिना उजाडला कीं मुंबई-पुण्याकडच्या कित्येक घरांतून एकच धांदल सुरू होते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत, इंग्लंडांत, नाहीं तर दुबईस. आणि आईबाप चार-सहा महिने तिकडे राहावयास निघालेले. मेतकूट, गोडा मसाला, औषधें, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सर्वांच्या याद्या होतात. पेट्या वजनकांट्यावर दोनदां चढतात व दोनदां उतरतात. पासपोर्टाच्या तीन-तीन नकला निघतात. एका वस्तूची तयारी मात्र सहसा कोणी करीत नाहीं; कारण ती सदैव खिशांतच असते, आणि येथें असतांना महिन्याचा रिचार्ज केला कीं तिच्याकडे पाहावेंहि लागत नाहीं. ती वस्तु म्हणजे मोबाइल.

विमान परदेशांत उतरतें, प्रवासी संवयीनें मोबाइल चालू करतो, आणि पडद्यावर एका परक्या कंपनीचें नांव उमटतें. त्या क्षणीं दोन गोष्टी बदललेल्या असतात : घड्याळांतील वेळ आणि बोलण्याचा दर. वेळ बदलल्याचें तत्काळ दिसतें. दर बदलल्याचें पुष्कळदां महिन्यानंतर, बिल हातीं पडल्यावर कळतें.

या बाबतींत आपल्या लोकांच्या दोन तऱ्हा आढळतात. कांहीं जण घरच्याप्रमाणेंच बाहेरहि फोन वापरतात आणि परत आल्यावर कपाळावर हात मारून घेतात. दुसरे, अशा बिलांच्या कथा ऐकून इतके धास्तावलेले असतात कीं मुंबईच्या विमानतळावरच फोन बंद करून तो पेटीच्या तळाशीं घालतात. ही दुसरी तऱ्हा पहिलीहून फारशी शहाणपणाची आहे असें मला वाटत नाहीं. वाटेंतल्या विमानतळावर पुढचें विमान चुकलें, तर सत्तरीच्या गृहस्थानें मुलास कळवावयाचें कसें? बँकेनें खातें उघडण्यापूर्वीं खात्रीसाठीं जो आंकडा मोबाइलवर धाडला, तो पेटीच्या तळाशीं कोण वाचणार? पैसे वांचले, पण ज्यासाठीं फोन जवळ बाळगला तें कामच बुडालें. हा आकार होतो कसा याची माहिती नसल्यामुळें या दोन्ही तऱ्हा जन्मास येतात. आजच्या भाषणांत तीच माहिती देण्याचा माझा विचार आहे.

आपल्या कंपनीचें क्षेत्र सोडून दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यांवरून फोन वापरणें यास रोमिंग म्हणतात. शब्द परका असला तरी व्यवहार आपणांस परका नाहीं. पूर्वीं काशीस निघालेला गृहस्थ सगळी रोकड कमरेस बांधून नेत नसे. तो आपल्या गांवच्या सराफाकडे पैसे भरून हुंडी घेई, आणि काशीचा सराफ ती हुंडी पाहून त्यास पैसे देई. काशीचा सराफ या गृहस्थास ओळखत नसे. तो ओळखत असे हुंडी लिहिणाऱ्यास. त्या दोघांचा हिशेब मागाहून आपसांत मिटे, आणि हुंडणावळ अर्थात् यात्रेकरूच्या माथीं बसे.

मोबाइलमधील सिम ही अशीच एक हुंडी आहे. तिच्यावर पंधरा आंकड्यांपर्यंतचा एक क्रमांक नोंदलेला असतो. आपण लोकांस देतों तो दहा आंकड्यांचा नंबर याहून निराळा. या पंधरांतील पहिले तीन आंकडे देश दाखवितात. भारताचे ४०४ व ४०५. पुण्याचा फोन न्यूयॉर्कला उतरून चालू झाला, कीं तेथील मनोरा हा क्रमांक वाचतो आणि भारतांतील कंपनीस विचारतो, ‘हा तुमचा ग्राहक खरा कां? याची पत आहे कां?’ सिममध्यें दडविलेल्या गुप्त किल्लीच्या आधारें ओळख पटते. भारतांतील कंपनी आपल्या वहींत लिहून ठेवते कीं हा ग्राहक सध्यां अमुक कंपनीकडे उतरला आहे. एवढी सगळी विचारपूस सहसा कांहीं सेकंदांत आटोपते. मग तेथील कंपनी प्रत्येक मिनिटाची, प्रत्येक संदेशाची व वापरलेल्या प्रत्येक एमबीची नोंद करते आणि त्या नोंदी ठरलेल्या नमुन्यांत भारतांत पाठविते. त्यांवरून तिचें येणें ठरतें. हा झाला घाऊक दर. त्यावर आपली कंपनी स्वतःचा आकार व सरकारचा कर चढविते, आणि तयार होतें तें आपलें बिल.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रवासी ज्या कंपनीची सेवा प्रत्यक्ष वापरतो तिच्याशीं त्याचा कसलाहि करार नसतो. आणि ज्या कंपनीशीं त्याचा करार असतो तिचा त्या देशांत एकहि मनोरा नसतो. दोन सराफांच्या बोलण्यांत यात्रेकरूस जागा नाहीं, ही या सगळ्या महागाईची मूळ गोम आहे.

असा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९९२ सालीं फिनलंडमधील टेलिकॉम फिनलंड आणि इंग्लंडमधील व्होडाफोन या कंपन्यांत झाला. आपल्याकडे पहिला मोबाइल खणखणला तो ३१ जुलै १९९५ रोजीं. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू त्या दिवशीं कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. रोमिंगची चव मात्र आपण परदेशीं न जातांच घेतली आहे. मुंबई हें एक परवाना-क्षेत्र आणि मुंबईखेरीज महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरें, अशी वांटणी सरकारनें केली असल्यामुळें मुंबईचा फोन पुण्यास पोंचला कीं तो पाहुणा ठरे, आणि पुण्यांत बसून आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. चाळिशी उलटलेल्या श्रोत्यांस तो काळ आठवत असेल. मावशीचा फोन आला कीं ‘रोमिंगवर आहें, मागाहून बोलतों’ एवढें म्हणून तो ठेवून देण्याचा तेव्हां शिष्टाचारच होता! नियामक मंडळानें हे दर हळूहळू खालीं आणले आणि २०१६-१७ च्या सुमारास कंपन्यांच्या चुरशींत ते नाहींसेच झाले. खंडाळ्याचा घाट पूर्वीं होता तेथेंच आहे, मनोरेहि बहुतेक तेच. बदलला तो केवळ हिशेब.

यावरून दुसरी एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. देश दूर म्हणून दर जास्त, असें आपण सहज धरून चालतों. युरोपचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. ब्रुसेल्सहून निघालेली आगगाडी दीड तासाच्या आंत पॅरिसला पोंचते. आपल्या डेक्कन क्वीनला मुंबईहून पुण्यास यावयास याच्या दुप्पट वेळ लागतो. तरी बेल्जमचा फोन फ्रान्समध्यें शिरला कीं त्याचा दर कित्येक पटींनीं चढे. बोलून-सांगून कंपन्या ऐकेनात, तेव्हां २००७ सालीं युरोपीय संघानें कायदाच केला. केलेल्या फोनला मिनिटास ४९ सेंट आणि घेतलेल्या फोनला २४ सेंट, कर वेगळा, यापलीकडे आकारणी करूं नये असें त्यानें ठरविलें. पुढें इंटरनेटचा वापर वाढला व त्याच्या बिलांनीं कहर केला, तेव्हां १ जुलै २०१० पासून असा नियम आला कीं ग्राहकानें स्वतः दुसरी मर्यादा मागितली नसेल, तर ५० युरोंशीं त्याचें इंटरनेट थांबवावें. २०१२ सालीं ग्राहकासाठीं एमबीस ७० सेंट ही कमाल मर्यादा ठरली. ती कमाल होती हें विसरूं नये. तिच्या हिशेबानें हजार एमबीस ७०० युरो होतात, आणि हा दर लोकांवर उपकार म्हणून ठरविलेला होता!

कंपन्या एकमेकींकडून जें घेतात, त्या घाऊक दराचे आंकडे तर अधिकच बोलके आहेत. २०१२ सालीं त्याची मर्यादा एमबीस २५ सेंट, म्हणजे हजार एमबीस २५० युरो होती. २०१७ सालीं जीबीस, म्हणजे साधारण तेवढ्याच मापास, ती ७ युरो ७० सेंटांवर आली. २०२२ सालीं २ युरोंवर. आणि २०२७ सालासाठीं कायद्यानें १ युरो ठरविला. समुद्राखालच्या तारा व यंत्रें या मुदतींत स्वस्त झालीं हें खरें, पण अडीचशें पटींनीं झालीं असें कोणी म्हणणार नाहीं. १५ जून २०१७ पासून संघाच्या एका देशाचा ग्राहक दुसऱ्या देशांत घरच्याच दरानें बोलूं लागला. दुरुपयोग होऊं नये म्हणून कांहीं वाजवी मर्यादा घातल्या आहेत तेवढ्याच. २०२२ सालीं या कायद्यास २०३२ पर्यंत मुदतवाढ मिळाली.

चढाओढीनें हे दर आपोआप कां उतरले नाहींत, असें कोणी विचारील. कारण अगदीं साधें आहे. नाशिकचा मनुष्य कंपनी निवडतांना घरीं रेंज कशी येते आणि महिन्याचा रिचार्ज कितीचा, एवढेंच पाहतो. पोर्तुगालमध्यें तिचा दर काय, हें पाहून सिम घेणारा मनुष्य माझ्या पाहण्यांत नाहीं. ज्या किंमतीकडे ग्राहक पाहत नाहीं ती उतरविण्याची घाई कोणत्याच दुकानदारास नसते. युरोपांत वीस-पंचवीस देशांस बांधणारा एक कायदा होऊं शकला. भारत आणि अमेरिका, किंवा भारत आणि दुबई यांस तसा कायदा नाहीं. भारतांतहि आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर नियामक मंडळ ठरवीत नाहीं. ती मोकळीक कंपन्यांस आहे. म्हणून भारतीय प्रवाशाच्या हातीं जें कांहीं आहे तें घरून निघण्यापूर्वींच आहे. पॅक घेतलेला ग्राहक आणि न घेतलेला ग्राहक यांच्या दरांत रुपयास चार-आठ आण्यांचा फरक नसतो. तो कित्येक पटींचा असतो.

आतां आपल्याकडील मंडळींस जो प्रश्न नेहमीं पडतो तो घेऊं. ‘मीं फोन केला नाहीं, मला आला, मग पैसे माझ्याकडून कां?’ याचें उत्तर हुंडीच्या वहींत आहे. नागपूरच्या मेहुण्यानें आपल्या नंबरावर फोन लावला, तेव्हां तो आपणांस भारतांतच समजून लावला व तेवढेच पैसे त्याच्याकडून गेले. फोन प्रथम आपल्या भारतीय कंपनीकडे येतो. ती वही पाहते आणि तो न्यूयॉर्कला धाडते. या दुसऱ्या टप्प्याचा खर्च मेहुण्यास ठाऊक नाहीं, म्हणून तो घेणाऱ्यावर बसतो. नुसती घंटा वाजली व उचलला नाहीं तर सामान्यतः आकार नाहीं, अर्थात् आपला जुना मिस्ड कॉल येथेंहि उपयोगी पडतो.

परंतु एक खोडी सांगून ठेवतों. ‘उचलला नाहीं तर फोन अमुक नंबराकडे वळवावा’ अशी सोय कित्येकांनीं करून ठेवलेली असते. अशा वेळीं तो फोन भारतांतून न्यूयॉर्कला जातो, तेथें वाजतो, आणि न उचलल्यामुळें पुन्हां भारतांतील त्या दुसऱ्या नंबराकडे परततो. दोन खेपा झाल्या. दोहोंचा आकार लागूं शकतो. आणि बोलला कोण, तर घरीं बसलेला धाकटा भाऊ. निघण्यापूर्वीं ही सोय रद्द करावी.

बोलण्याचे पैसे तरी बोलल्यावर होतात. इंटरनेटचे पैसे झोपेंतहि होतात, आणि मोठीं बिलें बहुधा येथेंच उपजतात. आजचा मोबाइल हा एकटा बसून राहणारा प्राणी नाहीं. आपण त्यास हात लावला नाहीं तरी तो टपाल आणतो, ॲपच्या नव्या आवृत्त्या उतरवून घेतो, आणि दिवसभर काढलेलीं छायाचित्रें दूरच्या साठ्यांत नेऊन ठेवतो. घरीं हें वरदान आहे. परदेशांत पॅक नसतांना याचा हिशेब असा होतो : एमबीस ५०० रुपये दर धरा. हा आंकडा मीं केवळ गणितासाठीं घेतला आहे, तथापि पॅकवांचून तो अगदींच कल्पनेंतला नाहीं. एक छायाचित्र तीन एमबीचें. घरच्या मंडळींस दहा धाडलीं तर ३० एमबी झाले, रुपये पंधरा हजार. आणि दिवसाचीं शंभर छायाचित्रें फोननें आपण होऊन रात्रीं साठ्यांत नेलीं तर ३०० एमबी, म्हणजे दीड लाख. ‘मीं तर फोन उघडलासुद्धां नाहीं’ हें ग्राहकाचें म्हणणेंहि खरें आणि कंपनीचें बिलहि खरें, असा विलक्षण पेंच मग उभा राहतो.

आणखी गमतीची गोष्ट अशी कीं, रोमिंगमध्यें आपण मागितलेलें पान बहुतेक वेळां त्या देशांतून थेट मिळत नाहीं. मागणी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावरून भारतीय कंपनीकडे येते, तेथून इंटरनेटवर जाते आणि त्याच मार्गानें उत्तर परत येतें. चीनमध्यें गेलेल्या भारतीय व्यापाऱ्यांस याचा अनुभव आहे. तेथील सिमवर जीं परदेशी संकेतस्थळें उघडत नाहींत, तीं भारतीय सिमच्या रोमिंगवर उघडतात. कारण त्यांचा दरवाजा भारतांत असतो.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. प्रत्येक मोबाइलमध्यें ‘डेटा रोमिंग’ नांवाची एक कळ असते. ती विमानांत बसण्यापूर्वीं बंद आहे याची स्वतः डोळ्यांनीं खात्री करून घ्यावी. ती बंद केल्यानें इंटरनेट थांबतें, फोन आणि संदेश थांबत नाहींत. त्यामुळें पेटीच्या तळाशीं फोन घालण्याचें कारण उरत नाहीं. मुलाच्या घरचें वाय-फाय हें रोमिंग नव्हे. तेथें आरामांत बोलावें. मात्र व्हॉट्सॲपवर बोलूं, अशा भरंवशावर दुबईस जाऊं नये. संयुक्त अरब अमिरातींत अशा ॲपवरील बोलण्यास सरकारी निर्बंध आहेत. लेखी संदेश जातात, बोलणें बहुधा होत नाहीं. तेथें चालणारीं परवानगीचीं ॲपें कोणतीं हें मुलाकडून आधींच विचारून घ्यावें.

दोन सिमच्या फोनांत आणखी एक फसगत होते. तेथील नवें सिम इंटरनेटसाठीं व आपलें जुनें केवळ संदेशांसाठीं, अशी व्यवस्था उत्तम. परंतु एका सिमची रेंज क्षीण झाली कीं दुसऱ्यावरून इंटरनेट घ्यावें, अशी एक परवानगी कांहीं फोनांत देऊन ठेवलेली असते. फोन बिचारा आज्ञाधारक. तळघरांतल्या दुकानांत शिरतांच तो मुकाट्यानें भारतीय सिमकडे वळतो. ती परवानगीहि काढून घ्यावी.

पॅक घ्यावा कीं तेथील सिम, हा प्रश्न मुदतीवर अवलंबून आहे. आठ-पंधरा दिवसांच्या सहलीस भारतीय कंपनीचा पॅक सोयीचा. नंबर तोच राहतो व दगदग वांचते. तीन आठवड्यांहून अधिक मुक्काम असेल तर माझें मत तेथील सिमच्या बाजूनें आहे. मुलाच्या घरच्या योजनेंत एक नंबर वाढवून घेतला तर तो पुष्कळदां आणखी स्वस्त पडतो. नव्या फोनांतून ई-सिमहि घेतां येतें; तें कागदाच्या चौकोनी खुणेवरून फोनमध्यें उतरतें, जुनें सिम काढावें लागत नाहीं. मात्र पुष्कळ ई-सिमें केवळ इंटरनेट देतात, बोलण्याचा नंबर देत नाहींत, हें घेतांना पाहावें. अमेरिकेस जाणाऱ्यांनीं आपला फोनहि तपासावा. तेथील मोठ्या कंपन्यांनीं २०२२ सालीं तिसऱ्या पिढीचें जाळें बंद केलें, त्यामुळें नव्या पद्धतीनें बोलूं न शकणारा जुना हँडसेट तेथें मुका होतो.

पॅक घेतला कीं निर्धास्त झालों असेंहि समजूं नये. कंपनीस तीन प्रश्न अवश्य विचारावे. त्यांत कोणकोणते देश येतात? वाटेंत विमान बदलावयाचें असेल तर तो थांबाहि त्यांत आहे कां? मुंबई ते शिकागो हा प्रवास दोहा किंवा फ्रँकफुर्टवरून असेल, तर त्या चार तासांचा देश निराळा आहे. आणि दिवस कसा मोजतात? कांहीं पॅकांत पहिल्या वापरापासून चोवीस तास धरतात, कांहींत भारतीय मध्यरात्रीस दिवस संपतो. भारताची मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यांत न्यूयॉर्कचे दुपारचे अडीच. जेवणानंतर सुरू केलेला एका दिवसाचा पॅक चहाच्या आधींच संपावयाचा. याशिवाय, पॅकांतील मिनिटें बहुधा त्या देशांत किंवा भारताशीं बोलण्यासाठीं असतात. लंडनहून जर्मनींतल्या भाचीस फोन केला तर तो हिशेब वेगळा होतो.

युरोपच्या सहलीस निघालेल्यांसाठीं खास सांगावयाचें तें स्वित्झर्लंडविषयीं. आपल्याकडच्या बहुतेक सहलींचें तें मुख्य ठिकाण. पण तो देश युरोपीय संघांत नाहीं आणि संघाचा तो रोमिंगचा कायदा त्यास लागू नाहीं. नॉर्वे, आइसलंड व लिख्टेनस्टाइन संघाबाहेरचे असूनहि त्या कायद्यांत येतात. स्वित्झर्लंड येत नाहीं. इंग्लंडहि आतां संघाबाहेर आहे. म्हणून पॅरिसला घेतलेलें सिम युंगफ्राऊच्या बर्फावर त्याच दरानें चालेलच असें नाहीं. घेतांनाच देशांची यादी वाचावी, आणि तींत स्वित्झर्लंड हें नांव शोधावें.

रेडिओच्या लहरींस सरहद्दीचें भान नसतें. नायगऱ्याचा धबधबा पाहावयास गेलेली मंडळी अमेरिकेच्या कांठावर उभी असतात आणि फोन कॅनडाच्या मनोऱ्यास जाऊन मिळतो. जिनीव्हास फ्रान्सचा, बाझेलला फ्रान्स वा जर्मनीचा. अशा जागीं फोनमधील कंपनी आपोआप निवडण्याची सोय काढून ती हातानें निवडावी, किंवा तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवावें. सगळ्यांत महाग मनोरा मात्र जमिनीवर नसतोच. तो असतो मोठ्या प्रवासी जहाजावर. किनारा मागें पडला कीं जहाजावरचा छोटा मनोरा उपग्रहामार्गें बोलूं लागतो, आणि देशांसाठीं घेतलेल्या पॅकांत समुद्र सहसा येत नाहीं. कांहीं विमानांतहि अशी सोय असते. जहाजावर व विमानांत फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवणें हेंच उत्तम, मग वाय-फाय पाहिजे तर त्याचा दर विचारून घ्यावा.

प्रीपेड ग्राहकास एक अंगभूत संरक्षण आहे : शिल्लक संपली कीं खर्च थांबतो. महिनाअखेर बिल येणाऱ्या पोस्टपेड ग्राहकानें मात्र निघण्यापूर्वीं कंपनीकडून खर्चाची मर्यादा बांधून घ्यावी.

भारतीय नंबर जिवंत ठेवणें ही आईबापांच्या दृष्टीनें पैशांहूनहि मोठी बाब आहे. बँक, आधार, विमा, पेन्शन, सर्वांचे खुणेचे आंकडे त्याच नंबरावर येतात. आलेला संदेश वाचण्यास रोमिंगमध्यें बहुतेक भारतीय कंपन्या आकार लावीत नाहींत. तरी आपल्या कंपनीचा नियम पाहून घ्यावा, आणि आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय भारतांत असतांनाच चालू करून घ्यावी. तिकडे गेल्यावर ती चालू करावयास पुन्हां त्याच नंबरावरचा संदेश लागतो, आणि तो तर येत नसतो. सहा महिन्यांचा मुक्काम असेल तर नंबर हातचा जाण्याचीहि भीति आहे. नियामक मंडळाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणें सलग ९० दिवस कांहींच वापर झाला नाहीं तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करूं शकते. रिचार्जची मुदत तर त्याआधींच संपते व येणारे संदेशहि अडूं शकतात. तेव्हां मुदत पुरेल असा रिचार्ज करून निघावें, आणि तारीख कोणाच्या तरी वहींत लिहून ठेवावी. भारतांत राहिलेल्या मुलीच्या वहींत लिहिली तर अधिक बरें.

इतकें करूनहि वाजवीपेक्षां अधिक बिल आलें तर तें मुकाट्यानें भरूं नये. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रांत नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावें. नियामक मंडळ एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः चालवीत नाहीं, त्यामुळें तेथें पत्रें लिहिण्यांत वेळ जातो. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र मोकळा आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तेथें नेतां येतात असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं स्पष्ट केलें. तेथें उपयोगी पडतात ते कागद. परदेशी कंपनीच्या नोंदी उशिरां येऊं शकतात, त्यामुळें प्रवासाचा कांहीं खर्च पुढच्या महिन्याच्या बिलांतहि निघतो. म्हणून पॅक सुरू झाल्याचा, तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे हें सांगणारा संदेश फोनमधून पुसूं नये. परतल्यावरचीं दोन बिलें येऊन जाईपर्यंत तो जपून ठेवावा.